पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्यांचे गुडघे माझ्या हातात असतात. नवीन आलेला पेशंट आधी गुडघा दाखवत नाही, रिपोर्टचा कागद दाखवतो. मग एका ओळीवर बोट ठेवून घाबऱ्या आवाजात विचारतो, 'मॅडम, हे पटेला काय निघालंय?' जणू पटेला हा आजार आहे. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की शेवटी लिहून काढले. खाली शब्दांचे अर्थ आहेत, उपचार नाहीत. उपचारासाठी तुमचा गुडघा आणि तुमचे डॉक्टर समोरासमोर हवेत.

पटेला म्हणजे नक्की काय?

गुडघ्याची वाटी. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या गुडघ्यापुढे असलेलं एक हाड, रुंदीला चार-साडेचार सेंटिमीटर, आकार त्रिकोणी आणि टोक खाली.

वाचून सोडू नका, हात लावून बघा. जमिनीवर पाय लांब करून बसा आणि मांडी अगदी सैल सोडा. अंगठा आणि बाकीची बोटं यांच्या चिमटीत हे हाड धरून डावीकडे-उजवीकडे ढकला. हलतं ना? अनेकांना हे आयुष्यात पहिल्यांदा कळतं आणि ते दचकतात. आता गुडघा जमिनीवर दाबल्यासारखी मांडी आवळा. हाड जागच्या जागी खिळलं, आता कितीही ढकला.

याचं कारण असं की हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला थेट जोडलेलं नाही. मांडीच्या पुढच्या भागातला क्वाड्रिसेप्स नावाचा दणकट स्नायू खाली येताना दोरासारखा होतो, त्या दोरातच ते रुतलेलं असतं. दोर सैल तर हाड सैल. असल्या दोरातल्या हाडांना सेसमॉइड म्हणतात, म्हणजे तिळासारखी. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी अशी दोन छोटी हाडं असतात, त्यांना तीळ म्हटलं तर चालून जातं. पटेला मात्र शरीरातलं सर्वांत मोठं सेसमॉइड. हा तीळ चांगला पेढ्याएवढा आहे.

हा शब्द आला कुठून?

रोमन माणसाच्या स्वयंपाकघरातून. लॅटिनमध्ये 'पटेला' म्हणजे छोटं पसरट भांडं, ताटली किंवा वाटी. मोठ्या थाळीला 'पटिना', तिचं लाडकं लहान रूप 'पटेला'. आपण घंगाळाची घंगाळी करतो तसंच. घरातल्या देवांपुढे नैवेद्य ठेवायची ताटलीही पटेलाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने गुडघ्यावरच्या छोट्या हाडाचं वर्णन करून 'याला पटेला म्हणतात' असं लिहून ठेवलं आहे. 'म्हणतात' या शब्दावरून दिसतं की नाव त्याने पाडलेलं नाही, ते आधीपासून लोकांच्या तोंडी होतं.

ग्रीकांना तिथे भांडं दिसलं नाही. अ‍ॅरिस्टॉटल त्याच हाडाला जात्याच्या नावाने ओळखतो. पुढच्या काळात लॅटिनमध्येच 'रोटुला', म्हणजे छोटं चाक, असंही नाव चाललं. स्पॅनिश आणि इटालियन लोक आजही वाटीला रोतुला म्हणतात, फ्रेंच रोत्यूल म्हणतात. इंग्रजांना तिथे टोपी दिसली आणि जर्मनांना चकती. एकाच हाडाकडे बघून कुणाला जातं सुचावं, कुणाला चाक, कुणाला टोपी! जेवणाचं भांडं आठवलं ते रोमनांना आणि आपल्याला.

पटेलाचं आणखी एक नातवंड तुम्हाला ठाऊक असेल. स्पेनमधल्या वालेन्सियाचा पाएया हा भाताचा प्रकार ज्या पसरट कढईत शिजतो, तिच्यावरूनच त्याला नाव पडलं, आणि ते नाव फिरतफिरत याच लॅटिन शब्दापासून आलेलं आहे. एक वाटी गुडघ्यात गेली, दुसरी चुलीवर राहिली.

मग 'गुडघ्याची वाटी' हे लॅटिनचं भाषांतर आहे का?

तसं समजायची गरज नाही. हीच कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यातल्या कपाल गटातलं पहिलंच नाव जानूचं, म्हणजे गुडघ्याचं. कपाल म्हणजे खापर, मातीच्या भांड्याचा तुकडा किंवा कटोरा. चरकसंहितेतल्या हाडांच्या मोजणीत तर 'जानुकपालिका' असा स्वतंत्र शब्द येतो. जानूवरची छोटी कपाल, म्हणजे गुडघ्याची वाटीच. लॅटिनमध्ये जसं लहान रूप, तसंच संस्कृतातही 'इका' लावून लहान केलेलं.

मला यातला 'जानु' शब्द जास्त आवडतो. पटेला आणि वाटी यांची फक्त कल्पना एक, शब्द वेगळे. पण संस्कृत जानु आणि लॅटिन गेनू ही सख्खी भावंडं आहेत, एकाच आदिम मुळातून आलेली. 'आजानुबाहू' म्हणताना आपण जे म्हणतो तेच रिपोर्टातल्या 'जेनू वॅल्गम'मध्ये आहे, म्हणजे गुडघे एकमेकांवर आपटणारे पाय. फेंगडे असतील तर 'जेनू व्हेरम'. अनोळखी वाटणाऱ्या रिपोर्टात आपला एक नातेवाईक बसलेला आहे.

पातेलं आणि पटेला एकच शब्द का?

हा प्रश्न मला एका निवृत्त मराठीच्या शिक्षकांनी विचारला होता, व्यायाम अर्धवट टाकून. ऐकायला सारखे, दोन्ही भांडी, म्हणून मोह होतो. पण ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. आपल्या 'पात्र' शब्दाच्या मुळाशी 'पा' म्हणजे पिणे हा धातू आहे, पिण्याचं साधन ते पात्र. पटेलाचं मूळ 'पसरट' या अर्थाकडे जातं. सरांना हे सांगितल्यावर ते थोडे खट्टू झाले. 'तरी पण काहीतरी असणार,' असं पुटपुटत त्यांनी उरलेल्या दहा आवर्तनांना सुरुवात केली.

उच्चार पटेला, पॅटेला की पटेल्ला?

लॅटिनमध्ये ल दुहेरी आणि जोर मधल्या 'टे'वर. आपल्याकडे डॉक्टर पटेला किंवा पॅटेला म्हणतात, दोन्ही चालतं. शेवटचा 'आ' मात्र गिळू नका. एका घाईत लिहिलेल्या कागदावर 'पटेल फ्रॅक्चर' वाचून पेशंटच्या मुलाने 'आमचं आडनाव पटेल नाही, रिपोर्ट बदललाय' म्हणून काउंटरवर वाद घातलेला मी पाहिला आहे.

कधी पटेला, कधी पटेली. एकाच हाडाचे दोन शब्द का?

दोन शब्द नाहीत, दोन विभक्ती आहेत. शाळेत 'प्रथमा, द्वितीया' घोकली त्याचा इथे पहिल्यांदाच उपयोग होईल.

पटेला ही प्रथमा: वाटी. पटेली ही षष्ठी: वाटीचा, वाटीची, वाटीचे. लॅटिन लिपीत तिच्या शेवटी ए आणि ई अशी दोन अक्षरं लागतात, आपल्याकडचे डॉक्टर त्याचा उच्चार 'ई' करतात. म्हणून 'काँड्रोमलेशिया पटेली' म्हणजे वाटीच्या कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा, मऊपणा. 'लिगामेंटम पटेली' म्हणजे वाटीचा बंध. 'एपेक्स पटेली' म्हणजे वाटीचं टोक. अनेक रिपोर्टांत 'काँड्रोमलेशिया पटेला' असं छापलेलं असतं. ते 'वाटी मऊपणा' म्हटल्यासारखं आहे, अर्थ कळतो पण प्रत्यय राहिला. गंमत अशी की अनेकवचनही पटेलीच. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या म्हणजे पटेली. कुठे षष्ठी आणि कुठे अनेकवचन हे वाक्यावरून ओळखायचं.

पटेला तुटला म्हणायचं की तुटली?

लॅटिनमध्ये पटेला स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे विशेषणही स्त्रीलिंगी लागतं. वर चढलेली वाटी ती 'पटेला अल्टा', 'अल्टस' नाही. मराठीत वाटीही स्त्रीलिंगीच. इतका योग जुळलेला असताना 'पटेला तुटली' म्हणायला हवं. पण मराठी कानाला 'आ'ने संपणारा परका शब्द पुल्लिंगी वाटतो, म्हणून वॉर्डात सगळे 'पटेला तुटला' म्हणतात. मीसुद्धा तसंच म्हणते. नियम माहीत असून.

'वाटी झिजली' असं डॉक्टर म्हणाले, पण रिपोर्टात पटेलाबद्दल काहीच वाईट लिहिलेलं नाही. मग कोण खोटं?

कुणीच नाही. सगळा घोटाळा वाटी या शब्दाने केला आहे. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण आठवड्यातून दोनदा तरी हे समजावून सांगावं लागतं.

लॅटिनमधला पटेला एकाच हाडापुरता आहे. आपली वाटी मात्र सांडलेली आहे. बोलण्यात वाटी म्हणजे कधी ते हाड, कधी आख्खा सांधा, कधी सांध्यातली कूर्चा. 'वाटी झिजली' म्हणजे बहुतेक वेळा मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात तिथलं कूर्चेचं आवरण झिजलं. 'गादी गेली' म्हणजे कधी तेच, कधी मधली चकती फाटली. 'वंगण संपलं' हेही तेच सांगतं, फक्त ते गॅरेजच्या भाषेत. यातल्या एकाही वाक्यात खरी वाटी, म्हणजे पटेला, असेलच असं नाही.

पटेलाचा स्वतःचा सांधा मांडीच्या हाडाशी आहे. रिपोर्टात त्याला 'पटेलोफीमोरल' म्हणतात. तो झिजला तर त्रास ओळखू येतो: सपाट रस्त्यावर चालताना फारसं काही नाही, पण जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा सिनेमात तीन तास पाय दुमडून बसल्यावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. डॉक्टर एक्स-रेचा 'स्कायलाइन व्ह्यू' मागतात तो हाच सांधा दिसावा म्हणून. त्यात गुडघा दुमडून वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधली फट टिपतात.

शब्दांची ही अदलाबदल शस्त्रक्रियेच्या वेळी आणखी वाढते. आपल्याकडे सांधेरोपणाला सर्रास 'वाट्या बदलल्या' म्हणतात. माझ्याकडे एक आजी येत असत, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या. एकदा व्यायाम चालू असताना मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, 'पोरी, खरं सांग. वाट्या बदलल्या म्हणतात, मग जुन्या काय केल्या? आणि ही कुणाची बसवली?' मी त्यांचा हात धरून त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला. 'आजी, ही तुमचीच आहे. लहानपणी सागरगोटे खेळताना टेकवायचात तीच.'

खरंही तेच होतं. सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला धातूचं टोपण बसतं, नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये दणकट प्लास्टिक. पटेला जागेवरच राहतो. काही सर्जन त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची गोल बटणासारखी चकती लावतात, काही मूळची बाजू तशीच ठेवतात, आणि कुठलं चांगलं यावर त्यांची आपसात जुनी वादावादी आहे. म्हणजे 'वाट्या बदलल्या' म्हणतात त्या ऑपरेशनात वाटी तेवढी बदलत नाही!

हे हाड नसतं तर काय बिघडलं असतं?

पाय सरळ करताना दम लागला असता. विहिरीवरचा रहाट आठवा. दोर चाकावरून गेला की घागर ओढणं सोपं होतं. क्वाड्रिसेप्सचा दोर पटेलामुळे सांध्यापासून पुढे उचलला जातो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत जास्त काम होतं. मांडीच्या हाडाच्या ज्या खोबणीतून वाटी वर-खाली सरकते तिचं लॅटिन नावच 'ट्रॉक्लिया', म्हणजे कप्पी.

या सोयीची किंमत वाटी स्वतः भरते. सपाट चालताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. जिन्यावर तो वजनाच्या तिप्पट-सव्वातिप्पट होतो आणि पूर्ण खाली बसताना सातपटींवर जातो. साठ किलोच्या बाईने उकिडवं बसून भांडी घासली तर प्रत्येक वेळी चारशे किलोंच्या पुढे. म्हणूनच वाटीच्या आतल्या बाजूची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांमध्ये मोजली जाते. कुणी 'गुडघ्याने इतकं का कुरकुरावं' म्हणालं की मी हा हिशेब सांगते.

रिपोर्टात बेस वर आणि एपेक्स खाली लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

नाही. बेस म्हणजे पाया, एपेक्स म्हणजे शिखर, पण वाटीचा त्रिकोण उलटा लटकलेला आहे. पाया वर, शिखर खाली. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी नेमकी इथेच आपटले. सरांनी ट्रेमधून वाटी उचलून हातात दिली, 'कुठल्या पायाची?' मी टोक वर धरून आत्मविश्वासाने उत्तर दिलं आणि अर्थातच चुकले.

नंतर लॅबमधल्या मामांनी युक्ती शिकवली, ती अजून विसरले नाही. वाटी टेबलावर ठेवायची, गुळगुळीत बाजू खाली आणि टोक आपल्यापासून लांब. सोडली की ती एका बाजूला कलंडते. उजवीकडे कलंडली तर उजवी, डावीकडे तर डावी. गुळगुळीत बाजूवर मधोमध एक उभा कंगोरा असतो, त्याच्या बाहेरचा उतार आतल्या उतारापेक्षा मोठा असतो, म्हणून हाड त्या बाजूला टेकतं. 'मीडिअल फॅसेट' म्हणतात तो आतला उतार आणि 'लॅटरल फॅसेट' म्हणतात तो बाहेरचा.

याच कंगोऱ्यामुळे वाटी हे नाव काटेकोर बघितलं तर चुकीचं आहे. तिच्यात पोकळी नाही, दोन घास आमटीसुद्धा राहणार नाही. बाहेरून मात्र ती पालथ्या खोबऱ्याच्या वाटीसारखी दिसते आणि रोमनांनीही हाड कापून नव्हे, गुडघ्यावरून हात फिरवूनच नाव दिलं असणार.

आणखी काही शब्द रिपोर्टात आहेत. थोडक्यात सांगाल?

'पटेला अल्टा' म्हणजे वाटी नेहमीपेक्षा वर. 'पटेला बाहा' म्हणजे खाली. बाहा हा शब्द लॅटिन नाहीच, स्पॅनिश आहे. कुणीतरी लॅटिन नामाला स्पॅनिश विशेषण जोडून दिलं आणि जगभर तेच चाललं. वर-खाली ठरवायला खालच्या दोराची लांबी आणि वाटीची लांबी यांचं गुणोत्तर काढतात, १९७१ साली मांडलेलं इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर. एकच्या आसपास असेल तर ठीक, १.२ च्या वर अल्टा, ०.८ च्या खाली बाहा.

'बायपार्टाइट पटेला' म्हणजे दोन तुकड्यांची वाटी. घाबरू नका. वाढीच्या वयात वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातला हाडाचा तुकडा मुख्य हाडाला जोडला गेला नाही, एवढाच अर्थ. शंभरातल्या एखाद-दोघांत असतो आणि बहुतेकांना दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत कळतो. पडल्यानंतर फोटो काढला तर फ्रॅक्चर समजून गोंधळ होतो. फ्रॅक्चरची कड दातेरी असते, याची गुळगुळीत.

'काँड्रोमलेशिया ग्रेड वन, टू, थ्री, फोर' ही कूर्चेच्या नुकसानीची पायरी. ही मोजणी औटरब्रिज यांनी १९६१ मध्ये सुचवली. आकडा मोठा म्हणजे दुखणंही तेवढंच मोठं, असं मात्र नसतं. ग्रेड तीन घेऊन सिंहगड चढणारे मी पाहिले आहेत आणि ग्रेड एकचा कागद छातीशी धरून महिनाभर अंथरुणात पडलेलेही.

'प्रीपटेलर बर्सायटिस' म्हणजे वाटीपुढच्या पिशवीला सूज. बर्सा म्हणजे लॅटिनमध्ये पिशवी. गुडघे टेकून लादी पुसणाऱ्या, फरशी बसवणाऱ्या लोकांना होतो.

'रेटिनॅक्युलम' म्हणजे वाटीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा पडदा. मूळ अर्थ दावं. गाय खुंट्याला बांधतो तसं.

वाटीखालचा दोर टेंडन आहे की लिगामेंट? एका रिपोर्टात एक, दुसऱ्यात दुसरं.

दोन्ही एकच. हाडाला हाड बांधतं ते लिगामेंट, स्नायूला हाडाशी जोडतं ते टेंडन. हा दोर वाटीपासून नडगीपर्यंत जातो, म्हणजे हाड ते हाड. म्हणून नावांच्या अधिकृत यादीत तो लिगामेंट आहे. पण खरं पाहिलं तर तो मांडीच्या स्नायूचाच पुढे चालू राहिलेला दोर आहे, म्हणून सर्जन त्याला टेंडन म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे, दुखणं तेवढं एकच.

या नावांची यादी कोण ठरवतं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या शरीररचनेच्या पुस्तकांत एकेका भागाला दहादहा नावं होती, एकूण पन्नास हजारांच्या घरात. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ती छाटून साडेपाच हजारांच्या आसपास आणली गेली. त्यानंतर १९५५ मध्ये पॅरिसची यादी आली आणि १९९८ मध्ये 'टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटोमिका'. वाटी सगळ्यांमध्ये पटेलाच राहिली. लॅटिन आज कुणाच्याच घरी बोलत नाहीत हाच तिचा फायदा. भाषा बदलत नाही, त्यामुळे टोकियोतला पटेला आणि कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातला पटेला एकच राहतो. आमच्या वाटीसारखा सांडत नाही.

डॉक्टर हातोडी वाटीवर मारतात ना?

वाटीच्या खाली. बोटाने चाचपलं तर वाटीचं टोक आणि नडगीचा उंचवटा यांच्यामध्ये मऊ पट्टा लागतो, तोच तो दोर. हातोडी तिथे बसली की क्वाड्रिसेप्स क्षणभर ताणला जातो, निरोप कंबरेच्या पातळीच्या मज्जातंतूंकडे जातो आणि मेंदूला न विचारता पाय उडतो. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. एर्ब यांनी नावात पटेला घातला, वेस्टफाल यांनी नुसता गुडघा. आज 'पटेलर रिफ्लेक्स' आणि 'नी जर्क' दोन्ही चालतात.

'अक्कल गुडघ्यात आहे' ही चेष्टा ज्याने पहिल्यांदा केली त्याला हे ठाऊक नसणार, पण मेंदूविना निर्णय घेण्यात गुडघा खरोखरच पटाईत आहे.

तान्ह्या बाळाला वाटी नसते हे खरं का?

अर्धं खरं. वाटी असते, पण कूर्चेची, मऊ. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही म्हणून जागा रिकामी वाटते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार व्हायला लागतं. रांगण्याचं वय मऊ वाटीवरच निघून जातं, हे किती बरं आहे!

वाटी सरकली म्हणजे?

इथे मात्र बोलीभाषा अचूक आहे. पटेला खोबणीतून सुटून जवळजवळ नेहमीच बाहेरच्या बाजूला जातो. नाचताना किंवा खेळताना पाय जमिनीवर रोवलेला आणि अंग वळलेलं, अशा वेळी. बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींना. अनेकदा पाय सरळ करताच ती परत जागेवर येते, म्हणून घरचे 'बसली, झालं' म्हणून सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आतल्या बाजूचं दावं फाटलेलं असू शकतं आणि मग ती पुन्हापुन्हा सरकते. तोवर कुणालाही ओढून-चोळून ती 'बसवायला' देऊ नका.

वाटी मोडली तर खूण वेगळी. सरळ पाय बिछान्यावरून उचलता येत नाही, कारण वरचा तुकडा मांडीच्या ओढीने वर निघून गेलेला असतो. तुकडे तारेने एकत्र बांधावे लागतात.

जनावरांनाही पटेला असतो का?

असतो, आणि गावाकडच्या माणसाला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो. बैल किंवा म्हैस उठल्यावर मागचा पाय मागे ताठ राहतो, खूर जमिनीवर घासत जातो आणि मध्येच झटका बसून पाय पुढे येतो, हे पाहिलं असेल. वाटी मांडीच्या हाडाच्या कंगोऱ्यावर वर अडकून बसते, त्याचा हा प्रकार. माणसाच्या वाटीखाली एक दोर, बैलाच्या वाटीखाली तीन. पशुवैद्य त्यातला आतल्या बाजूचा दोर छोट्या शस्त्रक्रियेने कापतात आणि जनावर चालतं होतं. शहरात हाच शब्द पोमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांमुळे कानावर येतो: 'लक्झेटिंग पटेला', सरकणारी वाटी. शहामृगाला तर एकेका गुडघ्यात दोनदोन वाट्या असतात.

शेजारच्या हाडांची नावंही अशीच घरगुती आहेत का?

अगदी. टिबिया, म्हणजे नडगी, रोमनांची बासरी. फिब्युला, तिच्या बाजूचं बारीक हाड, म्हणजे वस्त्राला लावायची पिन. मेनिस्कस म्हणजे ग्रीकमध्ये चंद्रकोर, आणि चित्र पाहिलंत तर नऊवारीवरच्या कपाळावरची कोरच आठवेल. मांडीवरून तिरका उतरणारा सार्टोरियस म्हणजे शिंपी. काहींच्या गुडघ्यामागे एक छोटंसं जादा हाड असतं, त्याचं नाव फॅबेला, बारीकसा वाल. वर खुब्याच्या खोबणीचं नाव अ‍ॅसिटाब्युलम, व्हिनेगरची वाटी. आपल्याकडेही काहीजण खुब्याची वाटी म्हणतात, म्हणून फोनवर कुणी नुसतं 'वाटीचं ऑपरेशन' म्हणालं तर मी पहिल्यांदा विचारते: कुठली, वरची की खालची?

वैद्यकीय प्रमाणपत्रावर किंवा विम्याच्या अर्जात काय लिहू?

कागदावर आहे तेच. 'उजवा पटेला' असेल तर 'उजव्या गुडघ्याची वाटी' असं कंसाशिवाय पुढे जोडा, पण 'गुडघा फ्रॅक्चर' लिहू नका. गुडघ्यात तीन हाडं भेटतात आणि समोरचा नेमकी दुसरी दोन धरून बसतो. बाजूचा शब्द, उजवा की डावा, दोनदा तपासा. मी तोंडी परीक्षेत चुकले तेव्हा फक्त मार्क गेले होते.